दुकानाचा नवा पत्ता आणि त्याचा खर्च

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे किती, हा प्रश्न एकदा वर्गात विचारून पाहावा. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे गाव आहे. वर्धा जिल्ह्यातील आष्टीही तालुक्याचेच गाव. १९४२ च्या लढ्यामुळे ते प्रसिद्ध आहे. सोलापूर जिल्ह्यातील आष्टीच्या लढाईत १८१८ च्या फेब्रुवारीत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यात एक आष्टी आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी आणखी एक.

एकाच नावाच्या अनेक गावांमुळे पत्रे भलतीकडे जात. त्यावर उपाय म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड सुरू झाला. बीड जिल्ह्यातील आष्टीचा पिन ४१४२०३. यातले ४१४ हे पहिले तीन आकडे अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे आहेत. जिल्हा बीड असला तरी टपालाची वाट नगरवरून आहे, हे त्या आकड्यांत उमटले. पत्त्यात नुसते नाव पुरत नाही, तिथे पोचायची वाटही सांगावी लागते.

आता याच आष्टीतील एक दुकानदार डोळ्यांपुढे आणू. तो शेतीची अवजारे बनवतो आणि दुरुस्त करतो. नगर, पुण्याकडच्या लोकांनाही आपले काम कळावे म्हणून त्याला स्वतःचे संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, करून घ्यायची आहे. तिघांकडे त्याने खर्च विचारला. एकाने पाच हजार सांगितले, दुसऱ्याने चोवीस हजार, तिसऱ्याने साठ हजार. अशा वेळी गावात सल्ला विचारायला माणूस बहुधा शाळेतल्या सरांकडे किंवा बाईंकडे येतो. तिघांपैकी लबाड कोण, हा त्याचा प्रश्न असतो.

कदाचित कोणीच लबाड नसेल. संकेतस्थळाच्या खर्चात निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात आणि प्रत्येकीचा इतिहास वेगळा आहे. काहींची किंमत गेल्या तीस वर्षांत कोसळली, तर एकीची मुळीच उतरली नाही. हा फरक ध्यानात आला की तिन्ही आकडे वाचता येतात.

नाव

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असतो. क्रमांक लक्षात ठेवणे माणसाला जड जाते, म्हणून त्याला नाव देण्याची पद्धत पडली. सुरुवातीला सगळी नावे आणि क्रमांक यांची एकच यादी अमेरिकेत ठेवलेली असे व सर्वजण तिची प्रत घेत. संगणक वाढले तशी ही यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांचा कारभार वाटून देणारी व्यवस्था मांडली. राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड असते तशीच ही रचना आहे. ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ या वरच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीखालची नोंद ठेवण्याचे काम निराळ्या संस्थेकडे. आष्ट्या पाच असू शकतात, पण एका पायरीखाली एक नाव एकालाच मिळते. जो आधी येईल त्याचे नाव.

ही नावे १९९५ च्या सप्टेंबरपर्यंत फुकट मिळत. त्यानंतर नोंदणी करणाऱ्या अमेरिकी कंपनीने दोन वर्षांसाठी १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली. त्या काळच्या भारतीय दुकानदाराला ही रक्कम लहान नव्हती. १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली, १९९९ पासून अनेक कंपन्यांना नोंदणीची परवानगी मिळाली आणि स्पर्धेमुळे दर उतरले. आपल्या ‘डॉट इन’ची कथाही अशीच आहे. नियम कडक होते तोवर, १९९२ ते २००४ या काळात, जेमतेम सात हजारांच्या आसपास नावे नोंदली गेली. १ जानेवारी २००५ पासून नियम सैल केल्यावर नोंदणी भराभर वाढली. २७ ऑगस्ट २०१४ पासून तर ‘डॉट भारत’खाली देवनागरीत नाव घेता येऊ लागले आणि त्यात मराठीही आहे.

आज साधे नाव वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. नाव विकत मिळत नाही, ते भाड्याने मिळते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे भाडे भरता येते. भाडे थकले की ठरावीक मुदतीनंतर ते नाव दुसऱ्या कोणालाही घेता येते. आणि नोंदवहीत ज्याचे नाव धारक म्हणून लागलेले असते, तोच त्या पत्त्याचा हक्कदार समजला जातो. बनवून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर नोंदवले, तर दुकान एकाचे आणि पाटी दुसऱ्याची अशी गत होते.

जागा

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत एक टिपण सादर केले. भौतिकशास्त्रज्ञांची कागदपत्रे एकमेकांना जोडावीत, एवढाच त्याचा हेतू होता. त्यातून वर्ल्ड वाइड वेब, म्हणजे जाल, जन्माला आले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले की हे तंत्र कोणीही वापरावे, त्याबद्दल काही द्यावे लागणार नाही. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या ‘गोफर’ या स्पर्धक पद्धतीच्या काही वापरासाठी शुल्क आकारण्याचे ठरवले आणि लोक गोफरकडून जालाकडे वळले. आपल्या दुकानदाराच्या खर्चात आज ‘जाल वापरण्याचे शुल्क’ असा रकाना नाही, याचे मूळ त्या एका निर्णयात आहे.

तंत्र फुकट झाले तरी पाने ठेवायला चोवीस तास चालू राहणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, लागतोच. त्यावरच्या प्रणाली महाग होत्या. १९९१ मध्ये लिनक्स आले, १९९५ मध्ये अपाचे, पीएचपी आणि मायएसक्यूएल. ही साधने मोफत मिळू लागल्याने प्रणालीचा खर्च गळाला.

जागेचा खर्च उतरण्याचे दुसरे कारण फार छोटे आहे आणि म्हणूनच ते आम्हांला विशेष वाटते. पूर्वीच्या नियमांत पान मागवणारा संगणक फक्त क्रमांकाशी संपर्क साधून ‘अमुक पान द्या’ म्हणे. कोणत्या संकेतस्थळाचे, हे सांगायची सोयच नव्हती. त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र क्रमांक लागे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी एक ओळ सक्तीची केली. मागणी करताना संकेतस्थळाचे नावही सांगायचे. वाड्यात दहा बिऱ्हाडे असतील तर पत्रावर घरक्रमांकाबरोबर बिऱ्हाडकरूचे नाव लिहावे, तसेच हे. त्या एका ओळीमुळे एकाच क्रमांकाच्या एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे सुखाने नांदू लागली आणि यंत्राचे भाडे शेकडोंत वाटले गेले. आज छोट्या दुकानाची पाने ठेवायला वर्षाला दोन-चार हजार रुपये पुरतात, यामागे ही बिऱ्हाडांची व्यवस्था आहे.

पुढे आणखी एक रकाना गळाला. संकेतस्थळ आणि वाचक यांच्यातला मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो कुलूपबंद करावा लागतो. त्यासाठीचे प्रमाणपत्र पूर्वी दरवर्षी पैसे देऊन घ्यावे लागे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने डिसेंबर २०१५ पासून ते सर्वांना फुकट दिले. कोणी या प्रमाणपत्रापोटी मोठी रक्कम मांडली असेल, तर ती कशासाठी, हे विचारायला हरकत नाही.

अक्षर

मराठी दुकानदाराला आणखी एक खर्च होता, तो इंग्रजी दुकानदाराला नव्हता. इंग्रजी छापायला थोडी अक्षरे पुरतात. देवनागरीत काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे आली की शिशाच्या खिळ्यांची संख्या शेकडोंवर जाते. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींचे नाव झाले ते सुबक टाइपांमुळे. मराठी अक्षर घडवण्याला कसब लागते आणि कसबाला दाम पडतो.

संगणकावर हीच अडचण नव्या रूपात आली. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे प्रमाणक ठरले आणि पुण्याच्या सीडॅकने या क्षेत्रात मोठे काम केले. तरी जालावर बराच काळ प्रत्येकाचा फाँट वेगळा आणि त्यातील अक्षरांचे क्रमांकही वेगळे होते. एका फाँटमध्ये ज्या क्रमांकावर ‘क’ असे, दुसऱ्यात तिथे भलतेच अक्षर. फाँट उतरवून घेतला नाही तर वाचकाला पानावर निरर्थक चिन्हे दिसत, आणि शोधयंत्रांना तर तो मजकूर मराठी आहे हेच कळत नसे. पैसे खर्चून केलेले पान शोधणाऱ्याला सापडत नव्हते.

युनिकोडने ही कोंडी फोडली. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. विंडोज २००० पासून ती सामान्य संगणकावर दिसण्याची सोय झाली, तरी रुळायला आणखी काही वर्षे गेली. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक जगभर २३२५ हाच असतो. ‘आष्टी’ हा शब्द म्हणजे २३१०, २३५९, २३८१, २३३५ आणि २३६८ हे पाच क्रमांक. यातला २३८१ हा हलन्ताचा. ‘ष’ आणि ‘ट’ जोडण्याचे काम तो करतो. विद्यार्थ्यांना आपापल्या गावाचे नाव असे लिहायला सांगावे. आज मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता, बलू यांसारखे देखणे देवनागरी फाँट मोफत वापरता येतात. अक्षराचा खर्च गेला. शुद्ध आणि समजेल असे लिहिण्याचा खर्च मात्र तसाच राहिला.

वाचणाऱ्याचा खर्च

पाटी लावली तरी ती वाचायला लोक यावे लागतात. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते चार महानगरांत. वर्गणी हजारो रुपयांची आणि दूरच्या गावाहून जोडायचे तर वर एसटीडीचा दर. त्या वेळी आष्टीच्या दुकानाचे संकेतस्थळ असते तरी आष्टीत ते कोणी पाहिले असते?

त्याच वर्षी अहमदनगर–बीड–परळी रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली होती. त्यावरची पहिली प्रवासी गाडी नगरहून ६६ किलोमीटरवरच्या आष्टीला पोचली २३ सप्टेंबर २०२२ रोजी, आणि बीडला सप्टेंबर २०२५ मध्ये. रेल्वेला आष्टी गाठायला सत्तावीस वर्षे लागली. इंटरनेट मोबाइलवरून आधी पोचले. २०१२ च्या सुमारास भारतात संगणकापेक्षा मोबाइलवरून जाल अधिक पाहिले जाऊ लागले. २०१४ मध्ये एक जीबी माहितीला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर काही वर्षांत हा दर दहा रुपयांच्या आसपास आला.

याचा बनवण्याच्या खर्चावरही परिणाम झाला. लहान पडद्यासाठी पूर्वी वेगळे संकेतस्थळ करावे लागे. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःची मांडणी बदलणाऱ्या पानाची पद्धत सुचवली आणि दोन कामांचे एक झाले. तरीही निरनिराळ्या मोबाइलवर पान नीट दिसते का, हे माणसालाच तपासावे लागते.

न उतरलेला खर्च

नाव, जागा, अक्षर, वाचणाऱ्याची जोडणी, सगळे स्वस्त झाले. २७ मे २००३ रोजी आलेल्या वर्डप्रेससारख्या मोफत साधनांनी पाने रचणेही सोपे केले. मग साठ हजार कशाचे?

विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये याचे उत्तर नाट्य-संगीताच्या संदर्भात दिले. यंत्रांमुळे कारखान्यातला कामगार तासाला पूर्वीच्या कितीतरी पट माल काढतो. पण चौघांनी वाजवायची संगीतरचना आजही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते. त्यांचे मानधन मात्र इतरांच्या मजुरीबरोबर वाढते. म्हणून माणसाचा वेळ हाच ज्याचा गाभा, ते काम इतरांच्या तुलनेत महाग होत जाते. भजनी मंडळाचेही असेच आहे. पखवाज दोन मिनिटांत आटोपला तर ते भजन राहत नाही.

संकेतस्थळाचे काम याच जातीचे आहे. दुकानात जाऊन अवजारांचे फोटो काढणे, कोणते अवजार कोणत्या जमिनीला चालते हे मालकाकडून समजून घेणे, ते सरळ मराठीत लिहिणे, भाव बदलला की पान बदलणे. लिहून देणारी यंत्रे अलीकडे आली आहेत. पण आपल्या दुकानातला फाळ किती इंचांचा आहे, हे मालकानेच सांगावे लागते आणि लिहिलेले बरोबर आहे का, हेही त्यानेच पाहावे लागते.

अवजारांच्याच धंद्यातले एक मराठी उदाहरण आहे. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे मासिक सुरू केले. पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घरोघरी गेले. कागद आणि छपाई इतरांनाही मिळत होती. मासिक टिकले ते शंकरराव किर्लोस्करांनी महिन्यामागून महिना घेतलेल्या संपादनाच्या कष्टांवर.

‘पहिले वर्ष फुकट’

२०११ मध्ये गुगलने भारतातील लहान उद्योगांसाठी मोहीम काढली. तीन वर्षांत पाच लाख उद्योगांना जालावर आणायचे होते आणि नाव व संकेतस्थळ पहिले वर्ष फुकट होते. पुढच्या वर्षापासून भाडे ज्याचे त्याने भरायचे. गुगलच्याच व्यवसाय-नोंदीबरोबर मिळणारी साधी मोफत संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली. त्याआधी २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले, तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षे रचलेली पाने गेली. यात कोणी फसवले असे म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेले दुकान ओटा मोडला की उठते. फुकट जागा वापरावी, पण गिऱ्हाइकांना सांगायचा पत्ता स्वतःच्या नावावर असावा.

पाच वर्षांचे गणित

आम्ही संशोधक उपकरण घेताना नुसती खरेदीची किंमत पाहत नाही. वार्षिक देखभाल, सुटे भाग, चालवणाऱ्याचे प्रशिक्षण यांचा हिशेब आधी मांडतो. तो न मांडता घेतलेली उपकरणे कापडाखाली झाकून ठेवलेली कोणत्याही विद्यापीठात दिसतात. हीच रीत इथे लावू. खालचे आकडे गणितासाठी धरलेले आहेत, आपल्या गावचे दर घालून ते बदलावेत.

नाव वर्षाला ८०० रुपये, जागा ३,००० रुपये. पाच वर्षांचे १९,००० रुपये. बनवायला ६० तास आणि तासाला ४०० रुपये धरले तर २४,०००. देखभाल महिन्याला दोन तास, म्हणजे पाच वर्षांत १२० तास, त्याचे ४८,०००. एकूण ९१,००० रुपये. यात माणसाचे कष्ट ७२,००० रुपयांचे, म्हणजे सुमारे ७९ टक्के. सुरुवातीला हातात पडणारा चोवीस हजारांचा आकडा एकूण खर्चाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा आहे.

आता ते तीन आकडे पुन्हा पाहू. त्याच दराने पाच हजारांत साडेबारा तासांचे काम बसते. तयार साचा घ्यायचा, मजकूर आणि फोटो मालकाने द्यायचे, एवढेच त्यात होईल. साठ हजारांत दीडशे तास बसतात, त्यात लिहिणे, फोटो आणि काही काळाची देखभालही यायला हवी. ती येत नसेल तर आकडा फुगवलेला आहे. दुकानदाराची मुलगी देखभाल करणार असेल, तर ४८,००० रुपये वाचतील, पण १२० तास तिचे जातील. तेही हिशेबात धरावेत.

शेवटचे गणित मालकासाठी. ९१,००० रुपये पाच वर्षांत वाटले तर महिन्याला सुमारे १,५१७ पडतात. एका दुरुस्तीत खर्च वजा जाता ३०० रुपये उरत असतील, तर दरमहा किमान सहा नवी गिऱ्हाइके संकेतस्थळामुळे यायला हवीत. ज्याची सारी गिऱ्हाइके आठवडी बाजाराच्या दिवशी दारात येतात, त्याला कदाचित चांगली पाटी, दूरध्वनी क्रमांक आणि नकाशावरची मोफत नोंद पुरेल. ज्याचे अवजार दूरवर जाऊ शकते, त्याचे गणित निराळे येईल.

म्हणून सल्ला विचारायला आलेल्या दुकानदाराला आकडा स्वस्त की महाग हे लगेच सांगू नये. त्याने तिघांनाही चार प्रश्न विचारावेत. नाव कोणाच्या नावावर नोंदणार? दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी किती भरायचे? मजकूर आणि फोटो कोणाकडे? आपल्याला पुढे दुसऱ्याकडे जायचे झाल्यास सारी पाने आणि परवलीचे शब्द मिळतील का? उत्तरे कागदावर घ्यावीत. नववी-दहावीच्या वर्गात हाच कागद फळ्यावर मांडून गणिताचा एक तास सहज घेता येईल.